वॉर्निंग कोणाची, ते आधी बघा

आजचा विषय तसा छोटा आहे, पण सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी छळलेलं असतं. प्रोजेक्ट बिल्ड करायला घेतला की स्क्रीनवर वॉर्निंग्ज धो धो पडायला लागतात, आणि बघायला गेलं तर त्यातली एकही आपल्या फाईलमधली नसते. सगळ्या दुसऱ्या कोणाच्या तरी लायब्ररीच्या हेडर फाईलमधल्या. मग काय करायचं?

आधी 'डेप्रिकेटेड' म्हणजे काय ते बघू. ही गोष्ट आज चालते, पण नव्याने वापरू नका, पुढे ती काढून टाकली जाऊ शकते, अशी ती सूचना असते. म्हणजे ती चूक नव्हे, नोटीस आहे. आता दुसऱ्याच्या लायब्ररीची नोटीस आपल्या दारात का येते? कारण हेडर फाईल म्हणजे वेगळी तयार झालेली वस्तू नसते. इनक्लूड लिहिलं की तिचा सगळा मजकूर आपल्या फाईलमध्ये येतो आणि आपल्या कोडसोबत कंपाइल होतो. शंभर फाईलींनी तेच हेडर घेतलं, तर तीच वॉर्निंग शंभर वेळा दिसते.

एक खरं उदाहरण घेऊ. आयगेन ही मॅट्रिक्सच्या गणितासाठीची प्रसिद्ध लायब्ररी, जवळजवळ पूर्णपणे हेडर फाईलींचीच बनलेली. तिच्या ३.२ मालिकेतल्या एका हेडरमध्ये स्टँडर्ड लायब्ररीतल्या 'बाइंडर फर्स्ट' आणि 'बाइंडर सेकंड' या दोन जुन्या क्लासची नावं येतात. सी प्लस प्लस ११ ने हे दोन्ही डेप्रिकेटेड ठरवले आणि सी प्लस प्लस १७ ने काढूनच टाकले. पुढे २०१६ साली जीसीसी ६ आला. त्याने काय केलं? काहीच सांगितलं नाही तर कोणतं स्टँडर्ड धरायचं, ते ९८ वरून १४ वर नेलं. झालं! कोणी कोडची एक ओळ बदलली नव्हती, फक्त कंपायलर नवा आला, आणि वॉर्निंग्ज सुरू झाल्या. बाइंडरचं नाव आयुष्यात न ऐकलेल्यांनाही त्या दिसायला लागल्या.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो म्हणजे 'डब्ल्यू-नो-डेप्रिकेटेड-डिक्लरेशन्स' हा फ्लॅग सगळ्या प्रोजेक्टला लावायचा. एका क्षणात शांतता. मीही हे केलेलं आहे, आणि पस्तावलो आहे. कारण हा फ्लॅग वॉर्निंग कोणाची आहे ते बघत नाही, फक्त प्रकार बघतो. लायब्ररीबरोबर तुमच्या स्वतःच्या कोडमधल्या नोटिसाही तो बंद करतो. समजा, तुमच्या कोडमध्ये जुना ऑटो-पॉइंटर राहिला आहे. तोही १७ मध्ये गेला. जीसीसीची लायब्ररी जुन्यांच्या सोयीसाठी तो अजून ठेवते, त्यामुळे तिथे काही कळत नाही. पण तोच कोड क्लँगच्या लिबसी प्लस प्लसवर किंवा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर १७ च्या मोडमध्ये न्या, सरळ एरर. नोटीस आली होती, आपणच दार लावून बसलो होतो.

म्हणून प्रकार बघून आवाज बंद करू नका, जागा बघून करा. जीसीसी आणि क्लँगमध्ये याची सोय आहे. लायब्ररीचा फोल्डर आपण सहसा 'डॅश कॅपिटल आय' ने देतो. त्याऐवजी 'डॅश आयसिस्टिम' ने द्या. मग कंपायलर त्या फोल्डरमधल्या हेडरना सिस्टिम हेडर मानतो आणि त्यांच्या आत उगम पावणाऱ्या वॉर्निंग्ज दाखवत नाही. आणि गंमत बघा, त्याच लायब्ररीतलं डेप्रिकेटेड फंक्शन तुम्ही तुमच्या फाईलमधून वापरलंत, तर वॉर्निंग येतेच! कारण ती वापराच्या जागी लागते, आणि ती जागा तुमची आहे. आपल्याला हवं होतं ते नेमकं हेच.

सीमेक वापरत असाल तर इनक्लूड डिरेक्टरीच्या कमांडमध्ये 'सिस्टिम' हा एक शब्द वाढवायचा. सोर्समधून सबडिरेक्टरी म्हणून आणलेल्या लायब्ररीसाठीही ३.२५ पासून तोच शब्द चालतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये याच कामासाठी 'एक्स्टर्नल' नावाचे फ्लॅग आहेत.

बिल्ड फाईलला हात लावता येत नसेल तर? मग इनक्लूडच्या ओळीआधी डायग्नॉस्टिक पुश आणि इग्नोर्ड हे प्रॅग्मा लिहा आणि ओळ संपली की पॉप. पॉप विसरलात तर खालची सगळी फाईल मुकी होते, एवढं लक्षात ठेवा.

आता आयसिस्टिमचे खड्डे. एक, हे फोल्डर साध्या फोल्डरांनंतर शोधले जातात, त्यामुळे एकाच नावाची दोन हेडर असतील तर भलतंच उचललं जाऊ शकतं. दोन, यूएसआर-इनक्लूड हा फोल्डर कधीही आयसिस्टिमने देऊ नका. जीसीसी ६ पासून त्याने शोधाचा क्रम बिघडतो आणि एसटीडीलिब हेडर सापडत नाही असा चक्रावणारा एरर येतो. तीन, लायब्ररीच्या टेम्प्लेटमध्ये तुम्ही स्वतःचा टाइप दिलात आणि गडबड टेम्प्लेटच्या आत दिसली, तर तीही दाबली जाते.

इथे एकांनी विचारलंय, "आमच्याकडे वॉर्निंग म्हणजेच एरर असा नियम आहे, मग?" चांगला प्रश्न. नियम ठेवा. फक्त डेप्रिकेटेडसाठी 'डब्ल्यू-नो-एरर' लावा. मग नोटीस दिसत राहते, पण बिल्ड अडत नाही.

शेवटचं. वॉर्निंग दिसेनाशी झाली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. आयगेनने ३.३ मध्ये त्या ओळी जुन्या स्टँडर्डपुरत्याच ठेवल्या. म्हणजे खरा उपाय लायब्ररी नवी घेणं हाच होता. म्हणून महिन्यातून एकदा 'डब्ल्यू-सिस्टिम-हेडर्स' लावून पूर्ण बिल्ड करा, आउटपुट फाईलमध्ये घ्या आणि वाचा. त्यातून कोणती लायब्ररी म्हातारी झाली ते कळतं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना आपल्याला मारलेली हाक ऐकू येत नाही. रोजच्या कामात बँड बंद ठेवायचा तो हाक ऐकू यावी म्हणून, कानात बोळे घालायचे नाहीत.