मेस्तांची शाळा

पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. अक्षरे गिरविण्याच्या वयातच तेथे मुलांना पाश्चात्य स्वरलिपी वाचावयास शिकवीत. शिक्षकास 'मेस्त' म्हणत. मुलांनी हाताने ताल धरून आधी नुसती स्वरांची नावे म्हणावयाची, शब्द मागाहून. मग व्हायोलिन, आणि चर्चच्या गायकवृंदात जागा. वृंदात खरी कसोटी लागे. शेजारचा मुलगा वेगळ्या स्वरावर असता त्याचा स्वर ऐकावयाचा, परंतु आपला सोडावयाचा नाही! एकल गायनावर पोसलेल्या आपल्या कानांना या कष्टाची कल्पना सहसा येत नाही.

हे शिक्षण उपासनेसाठी होते. त्याचे फळ मुंबईच्या चित्रपटसृष्टीस मिळाले. कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजविणारे वादक तिला हवे होते आणि ते गोव्यात तयार होते. शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) चर्चच्या गायकवृंद-प्रमुखाचे पुत्र. प्यारेलाल त्यांचे शिष्य.

अर्थशास्त्राच्या भाषेत, खर्च एकाने केला आणि लाभ दुसऱ्यास झाला. असा खर्च बाजार आपणहून करीत नाही, आणि गुणपत्रिकेवर डोळा ठेवणारी शाळाही करीत नाही. संगीतशिक्षकाच्या पदावर काटकसरीची कात्री प्रथम चालते ती यामुळेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलाशिक्षणाचा गौरव केला खरा. परंतु मेस्ताचे वेतन गौरवातून निघत नसते. ते राज्याच्या अंदाजपत्रकातच दिसले पाहिजे.