ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं का असतात?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, त्यांनी इथे निवांत वाचा.

मी दिवसभर कोड लिहितो, पण घरची बाग द्राक्षाची, दिंडोरी तालुक्यात. बारावीच्या सुट्टीत अप्पांनी मला छोटा ट्रॅक्टर शिकवला. त्यामुळे मला वाटायचं, ट्रॅक्टर आपल्याला येतो. हा गैरसमज उतरला तो थेट अमेरिकेत. ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण आधी थोडी मेकॅनिक्स समजली तरच ती कळेल.

तर सुरुवात बागेपासून. आमच्याकडे दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर आहे. ओळ संपली की बांध, आणि त्या जेमतेम जागेत ट्रॅक्टर वळवून पुढच्या ओळीत घालायचा. नुसतं स्टिअरिंग पूर्ण फिरवून भागत नाही, मागे-पुढे करावं लागतं. अशा वेळी अप्पा काय करतात? स्टिअरिंग डावीकडे फिरवतात आणि फक्त डावा ब्रेक दाबतात. ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतल्यासारखा वळतो.

हे कसं होतं? मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. इंजिनाकडून येणारा वेग ते दोन चाकांत वाटतं, आणि त्याचा नियम सोपा आहे: दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी कायम राहते. समजा ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चाललाय. डावं चाक ब्रेकने पूर्ण थांबवलं, तर सरासरी ४ ठेवायला उजवं चाक ८ ने फिरणार. म्हणजे डावं चाक खुंटा झालं आणि उजवं त्याच्याभोवती फिरलं. म्हणून मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक आणि वेगळं पेडल. याला टर्निंग ब्रेक म्हणतात.

याचा दुसरा उपयोग चिखलात. साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो. एक चाक चिखलात नुसतं गरगरत असेल तर त्याला जेवढा कमी जोर लागतो, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. ट्रॅक्टर जागचा हलत नाही. तेव्हा गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबायचा. त्या बाजूला विरोध वाढला की दुसऱ्या चाकालाही तेवढा जोर मिळतो आणि ट्रॅक्टर निघतो. डिफरन्शियल लॉकही हेच काम करतं, पण ते लावलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, म्हणून लॉक लावून वळायचं नाही.

आता हायड्रोस्टॅटिककडे येऊ. आपल्याकडचे बहुतेक छोटे ट्रॅक्टर गिअरचे. अमेरिकेत मात्र घराभोवती चार-पाच एकर असणारे लोक सर्रास हायड्रोस्टॅटिक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर घेतात. यात इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलावर चाकांकडची मोटर फिरते. उजव्या पायाखालच्या पेडलने पंपातली तिरकी तबकडी कमी-जास्त कलते, आणि तेवढा वेग मिळतो. पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. काही ट्रॅक्टरना पुढे-मागेसाठी दोन वेगळी पेडलं असतात. पाय काढला की तबकडी सरळ होते, तेल थांबतं आणि ट्रॅक्टरही थांबतो. सारखं क्लच-गिअर करावं लागत नाही.

उजवा पाय असा अडकलेला, म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये ब्रेक डावीकडे असतात. वळायला हे फार सोयीचं: उजव्या पायाने हळू वेग द्यायचा, डाव्या पायाने आतल्या चाकाचा ब्रेक. अगदी छोट्या मॉडेलना पुष्कळदा एकच ब्रेक पेडल असतं, तिथे ही सोय नाही. आणि जमीन कडक असेल तर घट्ट वळण घेताना फोर-व्हील काढा, नाहीतर पुढची चाकं ट्रॅक्टरला सरळच ओढतात.

पण या सुखाची एक किंमत आहे. पाय काढला की ट्रॅक्टर थांबतो, त्यामुळे दिवसचे दिवस ब्रेकला पाय लागत नाही. आणि तेलाचं हे थांबवणं डिफरन्शियलमधूनच चाकांपर्यंत पोचतं. उतारावर टू-व्हीलमध्ये असताना मागचं एक चाक उचललं गेलं, तर ते हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक खाली घरंगळू शकतं. म्हणून उतारावर फोर-व्हील लावूनच उतरायचं, म्हणजे पुढची चाकंही धरून ठेवतात. पायाच्या ब्रेकचं वेगळं आहे. ते प्रत्येक बाजूला स्वतंत्र असतात, पण दोन्ही पेडलं एकत्र दाबली गेली तरच. त्यासाठी दोन पेडलांच्या मधे एक छोटी कडी असते. कडी लावली की दोन्ही पेडलं मिळून एक. शेतात काढायची, रस्त्यावर आणि उतारावर लावायची. बस, एवढंच.

आता माझी गोष्ट. ऑनसाइटला असताना पेनसिल्व्हेनियात एका सहकाऱ्याकडे शनिवारी खडी पसरायला गेलो होतो. त्याचा हायड्रोस्टॅटिक, पुढे लोडर. सकाळभर मी झाडांमधून मस्त वळवत होतो, कडी काढलेली. दुपारी भरलेलं बकेट घेऊन घरामागच्या उतारावरून खाली निघालो, हाय रेंजमध्ये. वेग वाढतोय असं वाटलं आणि माझा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधायला गेला. अप्पांच्या ट्रॅक्टरला ब्रेक तिथेच. इथे तिथे वेगाचं पेडल! ट्रॅक्टर आणखी पळाला. घाबरून डावा पाय आपटला, तो फक्त डाव्या पेडलवर. ट्रॅक्टर झटक्यात डावीकडे वळला आणि आतलं मागचं चाक हलकं झाल्याचं मला सीटवर जाणवलं. बकेट जमिनीलगत होतं आणि तिथे उतार सपाट झाला, म्हणून पलटी झालो नाही. बकेट वर असतं, तर आज हा एपिसोड दुसऱ्या कुणीतरी केला असता.

गणित बघा. ताशी ४ ऐवजी २० ने जाताना ट्रॅक्टरमधली गतिज ऊर्जा २५ पट असते. जो ब्रेक शेतात वळवतो, तोच वेगात उलथवतो.

रात्री अप्पांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कडी लावली होतीस का रे?" मी गप्प. मग म्हणाले, "तुला वळायला शिकवलं, कडी लावायला शिकवायचं राहिलं माझं." खरं तर त्यांनी दहादा सांगितलं होतं. मीच ते म्हाताऱ्यांचं काळजी करणं समजून सोडून दिलं होतं.

तर गावी सुट्टीला जाल किंवा कुणाचा ट्रॅक्टर चालवायला घ्याल, तेव्हा आधी हे करा. इंजिन बंद असताना बसून कुठला पाय कशावर जातो ते दोन-तीनदा करून बघा. शेतातून बाहेर पडण्याआधी उतरून कडी हाताने चाचपा. कडी लावून सपाट जागी हळू वेगात ब्रेक दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही पेडलांचा खेळ सारखा करून घ्या. उतारावर लो रेंज, फोर-व्हील आणि बकेट खाली. डोक्यामागची सुरक्षा कमान उभी असेल तर सीटबेल्ट लावाच. आणि उभा करताना पार्किंग ब्रेक विसरू नका, कारण तेलाच्या भरवशावर ट्रॅक्टर उतारावर हळूहळू सरकतो.

आता घरी गेलो की अप्पा बांधावर उभे असतात. मी शेताबाहेर पडताना वाकून कडी लावतो आणि मुद्दाम वर बघतो. ते काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!