देणगी चालते, कागद लागतो

‘सरकारी दवाखान्याले बाहेरचा पैसा चालत नाही भाऊ, साहेबाच्या मागं चौकशी लागते.’ तेल्हाऱ्यात चहाच्या टपरीपासून संस्थांच्या बैठकीपर्यंत हे वाक्य इतक्या ठासून सांगितलं जातं की देणारा खिशातला हात तसाच बाहेर काढतो. कोणत्या नियमात लिहिलंय, असं विचारलं की उत्तर येत नाही. येणार कुठून? तसा नियमच नाही.

नियम आहे तो नेमका उलटा. 1994 साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. मोहीम काढून ते साफ केलं गेलं. पुन्हा तशी गत होऊ नये म्हणून प्रशासन, डॉक्टर आणि नागरिक यांची समिती नेमली गेली. पैसा उभा करायचा आणि तो तिथेच खर्चायचा, हे तिचं काम. रुग्ण कल्याण समिती ती हीच. 2005 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. ही 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायची समिती आहे आणि तिचं बँक खातं वेगळं असतं. अभियानाच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की यंत्रसामग्री, फर्निचर, रुग्णवाहिका ती खरेदीने, देणगीने, भाड्याने, अगदी बँकेचं कर्ज काढूनही मिळवू शकते. जिथे कर्ज चालतं तिथे देणगी चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचंही, म्हणजे सीएसआरचंही तेच. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आरोग्यसेवा स्पष्ट शब्दांत आहे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार कंपनीचा पैसा राबवणाऱ्या खासगी संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. सरकारने स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्थेला ही अट नाही. सीएसआर-1 ही नोंदणी मात्र दोघांनाही करावी लागते. म्हणजे ज्या दवाखान्याला ‘चालत नाही’ म्हणून आपण बाजूला सारतो, त्याची वाट एका अटीने सोपीच आहे.

मग चौकशी कशाने लागते? रक्कम रोख घेतली, पावती फाडली नाही, मिळालेलं यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला चढवलं नाही, समितीच्या बैठकीत ठराव घेतला नाही, अशा गोष्टींनी. यातली एकही चूक देणगीची नाही.

निधीचा अर्ज फेटाळला जातो तोही बहुधा नियमामुळे नव्हे, मागणी अर्धवट असते म्हणून. ‘आमच्याकडे डायलिसिस मशीन द्या’ हे घ्या. किडनीच्या रुग्णाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आठवड्यातून दोन-तीनदा नेणं घरच्यांचं कंबरडं मोडतं, हे खरंच आहे. पण एका वेळच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागतं. तेल्हारा तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यातला. तिथे आरओ संयंत्राचे पडदे लवकर खराब होतात. ते बदलायचे कुणी? तंत्रज्ञाचा पगार कुठून? वीज गेली तर? यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, हे खर्च दर महिन्याला. निधी देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि आपल्या अर्जात त्याचं उत्तर नसतं. आधी नोंदवह्या काढा: वर्षभरात किती रुग्ण आले, किती अकोल्याला पाठवले, का पाठवले. मग मागणी लिहा.

आता उरलेले गैरसमज, एकेका दमात.

‘ओळखीशिवाय कुणी देत नाही.’ ओळख दार उघडते, पुढे आकडे लागतात. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या नवजात बालकांच्या घरगुती देखभालीच्या प्रयोगाला फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनने निधी दिला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निबंध आला, तो उभा होता गावोगावच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवर.

‘आपल्याकडे मोठा कारखाना नाही, मग सीएसआर कुठला?’ कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो. पण ते बंधनकारक नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

‘दोन टक्के द्यावेच लागतात, म्हणजे तो आपला हक्क.’ मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के खर्चणं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना बंधनकारक आहे. कुणाला द्यायचे ते त्यांचं संचालक मंडळ ठरवतं.

‘अमेरिकेतल्या पोराचे पैसे घेता येत नाहीत.’ पोरगा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं.

‘दहा टक्के घेणारा माणूस गाठावाच लागतो.’ सीएसआर-1 च्या अर्जावर सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापालाचा दाखला लागतो. दलालाचा रकाना त्यात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘चालत नाही’ म्हणालं, तर वाद घालत बसू नका. रुग्ण कल्याण समितीचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. हे दोन कागद निघाले तर अर्जाला लागा. नाही निघाले, तर अडचण कुठे आहे तेही कळलं.