तलावात मासे सोडले, पण ते कोणत्या नदीचे?

मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम झाला की तलाव वाचला, असे आपल्याला वाटते. संख्या वाढते हे खरे. पण सोडलेले मासे कोणत्या नदीचे आहेत, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सॅमन माशावरून कळते. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्माच्याच नदीत परततो. त्यामुळे प्रत्येक नदीतले मासे तिथले तापमान, प्रवाह आणि रोग यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतात. हा फरक त्यांच्या जनुकांत उतरतो.

बीज केंद्रात मात्र खाणे आयते मिळते आणि शिकारी नसतो. तिथे जगायला लागणारे गुण वेगळे. शिवाय थोड्याच नर-माद्यांपासून लाखो पिल्ले काढली, तर विविधता घटते. अमेरिकेतील हूड नदीत स्टीलहेड या सॅमनच्या जवळच्या माशाचा जनुकीय अभ्यास झाला. २००७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. केंद्रात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत प्रजननाचे यश सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले.

आपल्याकडचे उदाहरण महसीरचे. निळ्या परांच्या महसीरला सायक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले. धरणांमुळे तो कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यात टाटांच्या वळवण धरणाजवळ १९७० च्या दशकापासून त्याचे बीज तयार होऊ लागले. याच धरणाच्या पाण्यावर खोपोलीत मुंबईसाठी वीज बनते. काम चांगल्या हेतूचे होते आणि खुद्री टिकायला त्याची मदतही झाली.

पण हे बीज दूरच्या कावेरीतही सोडले गेले. तिथे नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला स्थानिक महसीर होता. निळ्या परांचे मासे वाढत गेले, नारिंगी दिसेनासे झाले. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्याला फटका बसला. या स्थानिक माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर होता. नदीत महसीर भरपूर दिसत होते, म्हणून हानी लवकर लक्षात आली नाही.

‘मूळ’ आणि ‘बाहेरचा’ हे शब्द ऐकून आपले कान टवकारणे योग्यच आहे. पण इथे मुद्दा रक्तशुद्धीचा नाही. शुद्धीचा आग्रह सगळे एकसारखे करू पाहतो. इथे वेगळेपण जपायचे आहे. माणसांना हे गणित लावता येत नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले आहे.

पवईसारख्या तलावातले रोहू-कटलाही मुळात गंगेच्या खोऱ्यातले. खाण्यासाठी मासे वाढवायला विरोध नाही, त्यावर अनेकांचे पोट आहे. पण पवईचे जादा पाणी मिठी नदीत जाते, हेही विसरू नये. म्हणून पुढच्या कार्यक्रमात हार-फुलांआधी तीन प्रश्न विचारा: बीज कोणत्या नदीचे? किती नर-माद्यांपासून काढलेले? आणि इथे आधीपासून कोणते मासे आहेत? उत्तर नसेल, तर त्या दिवशी मासे सोडण्याऐवजी तलावात येणारे सांडपाणी अडवण्याची मागणी करा.