पिस्टनच्या उंचीत दडलेली वेळ

फोर-स्ट्रोक इंजिनाचं हेड उघडलं की आत व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, कॅम आणि कॅम फिरवणारी चेन असा सगळा पसारा दिसतो. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय सोडायचं, त्याची वेळ सांभाळायला एवढं सगळं लागतं. आता टू-स्ट्रोकचं हेड उघडून बघा. स्पार्क प्लगचं भोक आणि एक गुळगुळीत खळगा, बास! मग इथे वेळ कोण सांभाळतं? पिस्टनच. सिलिंडरच्या भिंतीत कापलेले पोर्ट तो खाली उतरताना उघडतो आणि वर चढताना झाकतो. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये क्रँककेसमध्येच मिश्रण दाबून वर पाठवणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पिस्टन ताकद देण्याचं आणि पोर्टची उघडझाप करण्याचं असं दुहेरी काम करतो आहे.

यात खरी थक्क करणारी गोष्ट अशी, की या इंजिनात उंची हीच वेळ असते. पोर्टची वरची कड भिंतीवर किती उंचीवर आहे, त्यावर तो कधी उघडणार हे ठरतं.

उदाहरणाला यामाहा आरएक्स १०० घेऊ. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली आणि आजही महाराष्ट्रात लोक जिवापाड जपतात ती गाडी. इंजिन ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचा सगळा प्रवास अवघ्या पाच सेंटिमीटरचा. हिशेबासाठी कनेक्टिंग रॉडची लांबी १०० मिलिमीटर धरू. क्रँक टॉपपासून, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून, ९० अंश फिरला की पिस्टन २८ मिलिमीटर खाली आलेला असतो. एक्झॉस्ट पोर्टची कड इथे असेल, तर पिस्टन तळ गाठून परत इथवर येईपर्यंत तो पोर्ट १८० अंश उघडा राहील. ताजं मिश्रण आत सोडणाऱ्या ट्रान्सफर पोर्टच्या कडा आणखी १२ मिलिमीटर खाली, १२० अंशांवर धरू. ते १२० अंश उघडे राहतील.

एक्झॉस्ट उघडल्यावर ट्रान्सफर उघडेपर्यंतचे ३० अंश फार मोलाचे. तेवढ्यात जळालेल्या वायूचा दाब उतरला पाहिजे, नाहीतर तोच वायू ट्रान्सफरमधून उलटा खाली घुसतो. मिनिटाला ९००० फेरे असतील तर या ३० अंशांना सेकंदाचा अठराशेवा भाग मिळतो. ताजं मिश्रण भरायला मिळतो सेकंदाचा साडेचारशेवा भाग. एवढ्यात सिलिंडर रिकामाही होतो आणि भरतोही!

आता दोन्ही कडा एकेक मिलिमीटर वर न्या. एक्झॉस्टची मुदत सुमारे साडेचार अंशांनी वाढते, ट्रान्सफरची मात्र सहा अंशांनी. मिलिमीटर तोच, मग फरक का? तळाजवळ पिस्टनचा वेग मंदावलेला असतो. तेवढंच अंतर कापायला तिथे क्रँकला जास्त फिरावं लागतं.

म्हणूनच ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालून तो एक मिलिमीटर उचलणं दिसतं तेवढं सोपं नसतं. एक्झॉस्ट लवकर उघडतो, पण ट्रान्सफर त्याहून जास्त लवकर उघडतो आणि मधले ते मोलाचे अंश उलट घटतात. शिवाय हेडही मिलिमीटरभर वर जातं. ५० मिलिमीटर बोअरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे जवळपास दोन सीसी जागा. टॉपला हेडखाली १२ सीसी जागा होती असं धरलं, तर ती १४ होते आणि कॉम्प्रेशन ९.२ वरून ८ वर घसरतं. मग हेड लेथवर घ्यावं लागतं. पिस्टनचा माथा मिलिमीटरभर उतरवला तरी एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरच्या वेळा अगदी तशाच बदलतात, वर माथ्याची जाडीही कमी होते. उलट, गजन पिनपासून (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनपासून) माथ्यापर्यंत जास्त उंच असलेला दुसऱ्या गाडीचा पिस्टन बसवला, तर पोर्ट उशिरा उघडतात आणि पिस्टन हेडला आपटण्याची भीती असते.

ही भीती मोजायची पद्धत साधी आणि सुंदर आहे. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत सारायची. मॅग्नेट हाताने हळूच फिरवून पिस्टन टॉपच्या पलीकडे न्यायचा. तार बाहेर काढून तिचं चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. एवढ्या लहान इंजिनात पिस्टन आणि हेडमधलं हे अंतर साधारण एका मिलिमीटरच्या आसपास असतं.

पोर्ट उंच केल्याने ताकद वरच्या फेऱ्यांवर सरकते. किंमत मोजावी लागते खालच्या पिकअपमध्ये, कारण पिस्टनमुळे चालणारा पोर्ट जितका लवकर उघडतो तितकाच उशिरा बंद होतो. वर चढणारा पिस्टन तेवढा वेळ ताजं मिश्रण सायलेन्सरकडे ढकलत राहतो.

या अडचणीवर वॉल्टर काडेन या पूर्व जर्मन इंजिनिअरने चक्क आवाजाने मात केली. डोंगरात मारलेली हाक परत यावी, तशी एक्झॉस्टमधली दाबाची लाट पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण आत लोटते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावते. ९००० फेऱ्यांना १८० अंश म्हणजे सेकंदाचा तीनशेवा भाग. तेवढ्यात जाऊन येऊन १६७ सेंटिमीटर, म्हणून पाइप सुमारे ८३ सेंटिमीटरचा! १९६१ मध्ये काडेनच्या एमझेड कंपनीच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिले, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसीचा विश्वविजेता झाला. पुढे यामाहाने वायपीव्हीएस ही फिरती झडप आणून एक्झॉस्ट पोर्टची उंचीच फेऱ्यांप्रमाणे बदलती केली.

तुमच्या आरएक्सचं पोर्टिंग करायचं मनात असेल, तर कानस हातात घेण्याआधी क्रँकवर डिग्री व्हील, म्हणजे अंश मोजायची चकती, लावा, दोन्ही पोर्टचे अंश वहीत लिहा, सोल्डरची तार चेपून बघा. पॅकिंग बदलून झालेली चूक पॅकिंग बदलून सुधारता येते. पोर्टच्या कडेचा घासलेला धातू मात्र परत बसत नाही.