लाइट गेली की सोलरही बंद?

भर उन्हाळा, दुपारचे दोन. साकोलीत लाइट जाते. ज्यांच्या छतावर सोलर नाही ते हातपंखा शोधतात. ज्यांच्या छतावर आहे, तेही हातपंखाच शोधतात! एवढं रखरखीत ऊन, पॅनल चकाचक, तरी घरातला पंखा बंद. माझ्या मामांना पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा वाटलं, आपण फसलो.

फसलेले नव्हते. लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा गेला की दोन सेकंदांच्या आत थांबलाच पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे. कारण खांबावर चढलेला वायरमन. त्याने डीपीवरून लाइन बंद केली, तारेत करंट नाही असं समजून हात लावला, आणि तेवढ्यात तुमच्या छतावरून करंट उलटा आला तर?

वीज म्हणजे सबस्टेशन, मग डीपी, मग घर, अशी एकेरी वाट आपण शिकलो. आज नोकरीत असलेले बहुतेक अभियंतेही हेच शिकून आले. रूफटॉपने ती वाट दुहेरी केली. म्हणून त्यांना पुन्हा शिकवावं लागतंय. जागतिक बँक आणि स्टेट बँकेच्या ‘सुप्रभा’ कार्यक्रमात देशातल्या वीज कंपन्यांच्या अभियंत्यांना असं प्रशिक्षण दिलं गेलं.

यात शिकण्यासारखं काय, असं मलाही वाटलं होतं. पण एक उदाहरण बघा. गावाच्या टोकाची लाइन, दुपारी माणसं धानाच्या बांधीत, घरातला वापर नाममात्र. पॅनल मात्र जोरात. तयार झालेली वीज लाइनवर ढकलली जाते आणि तिथलं व्होल्टेज चढतं. २३० चं २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर बंद. ग्राहक म्हणतो लाइन खराब, सोलरवाला म्हणतो लाइन खराब, आणि संध्याकाळी तपासायला आलेल्याला सगळं ठणठणीत दिसतं. ज्याला हे शिकवलंय तो भर दुपारी मीटर लावून बघतो. एकाच फेजवर सगळी सोलरची घरं आली असतील तर ती वाटून देतो, नाहीतर डीपीचा टॅप बदलतो. नवीन पॅनल लागत नाही, नवीन तार लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता आधी तांत्रिक तपासणी लागत नाही. ग्राहकासाठी झकास! पण अभियंत्याची आधी बघायची संधी गेली, म्हणजे जोडतानाच त्याची नजर तयार हवी. त्याच महिन्यात आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचा आकडा ७५,०२१ कोटींचा. त्यात क्षमताबांधणीला ६५७ कोटी. शंभरातला एक रुपयाही नाही. मला हे कमी वाटतं.

आयटीआय किंवा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करणाऱ्यांनो, नेट मीटर जोडताना मेन स्विच पाडून इन्व्हर्टर थांबतो का, हे बघायचं असतं. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे का हे? नसेल तर सरांना विचारा.

मामांकडे मीटर लावायला आलेल्यांनी हे केलंच नव्हतं. मग गेल्या रविवारी आम्ही दोघांनी मेन स्विच खाली केला. मामा मोठ्याने मोजायला लागले. ‘एक’ म्हणेपर्यंत इन्व्हर्टर गप्प.