फांदी कुठे पडणार?

बारामती-इंदापूर पट्ट्यात छाटणी म्हटलं की द्राक्षबाग आठवते. इंदापूर तालुक्यातल्या बोरीच्या बागांत एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. डोळे मोजून कात्री चालवणाऱ्याला तिथे मान आहे. त्याच बागेच्या बांधावरचा कडुनिंब उतरवणाऱ्याला मात्र कुणी कारागीर म्हणत नाही. "चढता येतं ना?" एवढंच विचारतात. खरं तर चढणं हा या कामातला सोपा भाग.

अवघड असतं ते फांदीचा भार ओळखणं. गुलमोहर दगा देतो. हिरवीगार फांदीही पायाखाली कडकन मोडते. बाभूळ चिवट, पण काट्यांत हात घालायचा कुठे? जाड फांदी वरून एका दमात कापली, तर निम्म्यावर आल्यावर ती आपल्याच वजनाने फाटते, खोडाची साल सोलत खाली येते, नाहीतर उसळून कापणाऱ्यालाच धडकते. म्हणून जाणता माणूस खोडापासून हात-दीड हात सोडून आधी खालून काप घेतो, मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी गेली की उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर वळ्याच्या बाहेरून काढतो. हा वळा राखला तर झाड जखम बुजवतं. खोडाला घासून कापलं तर कूज आत शिरते.

घराच्या पत्र्यावर झुकलेली फांदी अशी सोडून देता येत नाही. दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे. मग एकटा माणूसही ती हळूहळू उतरवतो. पेट्रोलवरच्या कटरने वेळ वाचला, पण पात्याचं टोक लाकडात अडकलं की यंत्र तोंडाकडे उसळतं. जमिनीवर दोन पावलं मागे सरता येतं, झाडावर कुठे सरणार? आग्या मोहोळ उठलं तरी हीच गत.

सगळ्यात वाईट तारा. महावितरणची पावसाळ्यापूर्वीची फांद्यातोड रीतसर 'परमिट' घेऊन होते : उपकेंद्रातून लाइन बंद, तपासणी, मग तारांना अर्थिंग. अर्थिंग यासाठी, की कुणाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते. शेतात मात्र "आपली लाइन या आठवड्यात रात्रीची आहे, चढ बिनघोर" म्हणून माणूस वर धाडला जातो. पाळीच्या वेळापत्रकावर जीव टांगायचा! 11 केव्हीच्या तारेला ओली फांदी टेकली, तरी झाडावरच्या माणसाला धक्का बसायला तेवढं पुरतं.

बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या हद्दीत 1975च्या कायद्यामुळे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चांगलंच आहे. वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे का, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही.

मजुरीचा सौदा बहुधा लाकडावर ठरतो. बाभळीला गिऱ्हाईक असतं, म्हणून मालक म्हणतो, "लाकूड तुला, पैसे कमी." गुलमोहराचं लाकूड कुणी घेत नाही, तिथे रोख मागावी लागते, आणि घासाघीसही तिथेच जास्त होते.